विंटर्सवाइकच्या घरातला चौथा खांब

हा धागा मी दोन वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर हसायला. कुणाच्या आत्याला घाटात पांढऱ्या साडीतली बाई भेटते, कुणाच्या रूममेटची चादर कोणीतरी ओढतं... मी ते मोठ्यानं वाचायचं आणि माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, मध्ये मध्ये कुत्र्याच्या रडण्याचे आवाज काढायचे, हा आमचा शनिवारचा टाइमपास. तेव्हा आज पाळी तुमची. हसा, माझी काही तक्रार नाही.

आमचं घर बौद्ध. घरात ना अंगारा ना धुपारा, दृष्ट काढणंसुद्धा कधी पाहिलं नाही. आणि पप्पा तर या बाबतीत एकदम कट्टर. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ते सुतार होते, छत्तीस वर्षं. कल्याणला आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमधली एक खोली भुताची म्हणून रिकामी पडलेली, का तर दार आपोआप उघडतं. पप्पा ओळंबा घेऊन गेले. चौकट अर्धा इंच कललेली निघाली. बिजागरी काढली, मागे पातळशी पाचर घातली, बिजागरी परत बसवली, की दार गप्प! खाली येऊन म्हणाले, "भूत बिजागरीत होतं, काढलं." मी या माणसाची मुलगी. शिवाय पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्याच्या म्हणण्यावर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो.

आम्ही झूटरमेर नावाच्या डच गावात राहतो. गेल्या वर्षीची गोष्ट. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, मी एकुलती एक, आणि पप्पा कल्याणच्या फ्लॅटमध्ये एकटे, चौऱ्याहत्तर वर्षांचे. एकदा गॅसवर दूध ठेवून बाजारात गेले. शेजारच्या काकूंचा मला फोन, आणि माझी जी झोप उडाली ती उडालीच. इथं कायमचं आणायचं तर तसा व्हिसा मिळत नाही. तीन महिने व्हिजिटर म्हणून या आणि जा. मग मी बदलापूरकडे एक जागा बघून ठेवली. 'सीनियर लिव्हिंग' म्हणतात त्याला. म्हणजे काय ते आपल्याला सगळ्यांना कळतं, फक्त तोंडानं कोणी म्हणत नाही. पप्पांना ते अजिबात मंजूर नव्हतं. गॅलरीत त्यांचं सुतारकामाचं टेबल होतं, सगळ्या बिल्डिंगचे पाट आणि स्टुलं त्यांच्याकडे दुरुस्तीला यायची. शेवटी आमचं ठरलं की तीन महिने त्यांनी माझ्याकडे राहायचं. डोकं ठणठणीत आहे असं मला दिसलं, तर कल्याणचं घर आणि ते, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर मी म्हणेन तिथं राहायचं.

"म्हणजे परीक्षाच की," पप्पा म्हणाले. "घे. पास होतो."

आणि होतच होते हो! एप्रिलमध्ये आले. आठवड्यात ट्रामचे स्टॉप पाठ. सुपरमार्केटमध्ये जाऊन कोथिंबीर कुठल्या कोपऱ्यात असते ते मला सांगायला लागले. आमच्या किचनचं कपाट चार वर्षं करकरत होतं, ती करकर दुसऱ्याच दिवशी बंद केली. मी मनातल्या मनात बदलापूर रद्द करून टाकलं होतं. ते त्यांना तेव्हाच सांगितलं असतं तर... पण तीन महिने म्हणजे तीन महिने, माझा हट्ट!

मे महिन्यात इथं गुरुवारची एक सुट्टी येते, शुक्रवार जोडला की चार दिवस मिळतात. निखिलनं विंटर्सवाइकच्या बाजूला, जर्मनीच्या हद्दीजवळ, एक जुनं शेतघर भाड्यानं घेतलं. त्यातलं लाकूड पाचशे वर्षांचं आहे असं जाहिरातीत लिहिलं होतं, म्हणून खास पप्पांसाठी. मालकीणबाई हानेके, साठीच्या, शेजारच्या नव्या घरात राहायच्या. उंच, आवाज खणखणीत, पायात कायम रबरी बूट.

घर कसं होतं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाहेरून बघाल तर जमिनीपर्यंत उतरलेलं मोठं छप्पर, आणि कुडाच्या भिंती. हो, आपल्यासारख्याच! काठ्या विणून वर माती लिंपलेल्या. पण भिंतींवर काहीच उभं नाही. सगळा भार आतल्या ओकच्या सांगाड्यावर. दोन खांब आणि त्यांना जोडणारी एक आडवी तुळई, असा एक जोड. असे जोड एकामागे एक उभे केलेले. तुळईचं टोक खांबाच्या आरपार काढून पलीकडून लाकडी पाचर ठोकलेली. कुठंही खिळा नाही. आत खोल्याच नव्हत्या मुळी, एकच लांब दालन. पूर्वी एका टोकाला चूल आणि माणसं, दुसऱ्या टोकाला गाई, मध्ये मळणी. आता विटांची जमीन, सोफा, मधोमध जेवणाचं टेबल, आणि गाईंच्या जागी किचन. डाव्या खांबांच्या रांगेला लागून किचनकडे जायची वाट.

पप्पा आत शिरले आणि चपला काढायचं विसरले. आई गेल्यापासून मी त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता. प्रत्येक खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावायचे, गाठीवरून अंगठा फिरवायचे. "सुजे, इकडे ये. हा खांब उलटा आहे."

"उलटा म्हणजे?"

"बुंधा वर आणि शेंडा खाली. गाठी बघ कुठल्या बाजूला कलल्यात. आमच्या गावाकडचा सुतार असा खांब कधी लावणार नाही, घर उलटं होतं म्हणतात." मग स्वतःच हसले. "पण हे हुशार होते. बुंधा जाड असतो ना, तो वर घेतला की तुळई बसवायला भरपूर लाकूड मिळतं. आणि जमिनीची ओल उलट्या लाकडातून वर चढत नाही म्हणे. सगळे उलटेच लावलेत... फक्त चौथा सुलटा आहे. चुकले बेटे तिथं. बघ, डोकं बारीक पडलंय, तडा गेलाय."

मी बॅगा उचलत होते. हो हो म्हटलं. रात्री जेवताना ते निखिलला म्हणाले, "सहा जोड आहेत, बारा खांब." निखिल बिचारा मान हलवत होता. मी सहज मोजले. पाच होते.

"पप्पा, पाच आहेत."

"सहा."

"चष्मा पुसा!"

"तू पूस," पप्पा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी हानेके अंडी घेऊन आल्या. पप्पांचं वर्कशॉपचं इंग्रजी आणि त्यांचं डच वळणाचं इंग्रजी, पण दोघांचं असं जमलं की काय सांगू! त्यांनी पप्पांना खांबांवरच्या खुणा दाखवल्या. जुने सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक जोडावर पटाशीनं नंबर कोरायचे, मग तो सोडवून त्याच क्रमानं उभा करायचे. पहिल्या जोडावर एक रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. आणि त्यानंतरच्या जोडावर पाच. मग सहा.

"चार नाही," हानेके म्हणाल्या. "गाडी आत वळवायला जागा हवी म्हणून कोणीतरी काढला असणार. माझ्या आजोबांच्या वेळीही नव्हता."

पप्पा माझ्याकडे बघून हळूच मराठीत म्हणाले, "काय म्हणते ही? हा काय समोर." आणि त्यांनी तिसऱ्या आणि पुढच्या खांबाच्या मधल्या मोकळ्या जागेकडे हात केला. त्यांना वाटलं बाई गंमत करतायत. आणि मला वाटलं पप्पा गंमत करतायत. आमच्या घरात सरळ चेहऱ्यानं थापा मारायची पद्धतच आहे.

पण मग माझ्या लक्षात यायला लागलं. किचनकडे जाताना पप्पा त्या जागी वळायचे. खांद्यानं जरासं अंग चोरून, उजवीकडून. आपण रोजच्या टेबलाला वळसा घालतो तसं, न बघता. परत येतानाही तेच. शनिवारी मी माझ्या धंद्याला जागले. मुद्दाम कामं काढली. पप्पा, पाणी आणा. पप्पा, चमचा आणा. पप्पा, वर्तमानपत्र तिकडे राहिलं. त्यांना फोनवर बोलायला लावलं, निखिलशी गप्पा मारत चालायला लावलं. अकरा वेळा गेले, अकरा वेळा आले. बावीसच्या बावीस वेळा वळले, आणि एकाच विटेपाशी. दुपारी एकदा हातात ताटं घेऊन घाईत निघाले, वळायला उशीर झाला आणि धप्पकन आवाज आला. लाकडावर खांदा आपटल्याचा. पप्पा "आई गं" करून खांदा चोळत उभे, आणि त्यांच्यासमोर काहीही नाही.

मी घाबरले. आणि मी घाबरले की ओरडते, ही माझी जुनी खोड.

"पप्पा, बंद करा हे! काय चाललंय? तिथं काही नाहीये!"

"अगं, आहे म्हणून तर लागलं."

"नाहीये! मोकळी जागा आहे ती!" मी जाऊन त्या जागेत उभी राहिले. हात पसरले, गोल फिरले. "बघा! बघा ना!"

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय दिसत होतं कुणास ठाऊक, मी आजवर विचारलेलं नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावरची मिस्किली गेली. ताटं त्यांनी टेबलावर ठेवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सुजाता, तुला खरंच दिसत नाही?"

"नाही पप्पा."

"निखिलला?"

निखिलनंही नाही म्हणून मान हलवली. पप्पा खुर्चीवर बसले आणि संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. परीक्षा त्यांच्याही लक्षात होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता रविवार. सकाळचे अकरा वाजून गेले होते, बाहेर लख्ख ऊन, दालनाचं मोठं दार उघडं. निखिल गावात पाव आणायला गेलेला. मी चहा करून पप्पांना कप दिला आणि परत किचनमध्ये जाऊन भांडी आवरायला लागले. वळून बघितलं तर पप्पा त्या जागी उभे होते. उभे म्हणजे... टेकून.

नीट लिहिते. त्यांच्या टाचा पुढे होत्या, शरीरापासून चांगल्या हातभर पुढे. पाठ मागे कललेली, डोकंही मागे टेकलेलं, एक पाय दुसऱ्यावर तिरका टाकलेला. प्लॅटफॉर्मवर खांबाला टेकून लोक गाडीची वाट बघतात, अगदी तसे. चहा पीत होते. बाहेर शेताकडे बघत होते. आणि मागे काही नव्हतं. तुम्ही आत्ता उठून प्रयत्न करून बघा, एक सेकंद राहता येणार नाही.

हातातली बशी मी ठेवली. आवाज न करता त्यांच्या मागे गेले. त्यांचा निळा सुती शर्ट पाठीवर चपटा दाबला गेला होता. वीतभर रुंदीचा एक सरळ उभा पट्टा, आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना चुण्या पडलेल्या. मी हात घातला, तिथंच, जिथं ते टेकले होते. हाताला हवा लागली, आणि शर्टाचं कापड. दुसरं काही नाही. थंड नाही, गरम नाही, काहीच नाही. माझा हात आरपार फिरत होता आणि त्यांचं वजन कशावर तरी होतं. चहाचा घोट घेतल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

मी हानेकेला हाक मारायला हवी होती. खिशात फोन होता, फोटो काढायला हवा होता. दुसऱ्यांच्या बगमध्ये मी रोज लिहिते, 'पुरावा जोडा'. पण डोक्यात एकच आलं, पप्पा पडतील. "पप्पा, पडाल!" म्हणून मी किंचाळले आणि त्यांचा दंड धरून जोरात पुढे ओढलं.

आणि मग ते पडले.

कप फुटला, उजवा हात खाली आला, मनगटाचा आवाज मी ऐकला. विटांवर पडल्या पडल्या त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नवलानं. "ओढलंस का गं? टेकलो होतो ना मी..."

हॉस्पिटलमध्ये मी पाय घसरला म्हणून सांगितलं. निखिललाही तेच सांगितलं. हाताला प्लॅस्टर घालून आम्ही संध्याकाळी झूटरमेरला परत आलो. आठवड्यानं आमच्या हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, त्यांना बघायला बोलावलं. तरुण मुलगी होती, चांगली होती, घाई करत नव्हती. वयस्कर माणूस पडला की का पडला हे ते लोक फार खोदून विचारतात. दुभाषी मीच. मी पप्पांना मराठीत विचारलं, कसे पडलात, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"सांग की," पप्पा म्हणाले. "तू होतीस तिथं. मी खांबाला टेकलो होतो, तू ओढलंस. काय बघितलंस ते सांग."

त्यांनी 'खांब होता का' असं विचारलं नव्हतं. 'काय बघितलंस ते सांग' एवढंच. आणि मी बघितलं होतं हो! जगात मी एकटीनं बघितलं होतं. पण तिथं, त्या पांढऱ्या टेबलासमोर, इंग्रजीत, मी काय सांगणार होते? माझे वडील हवेला टेकले होते म्हणून? तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, की मागे खांब आहे असं त्यांना वाटलं. आणि वर, कोणी विचारलं नसताना, आई गेल्यापासून ते थोडे कन्फ्यूज्ड असतात.

छत्तीस वर्षं फोरमनच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला कन्फ्यूज्ड कळतं. पप्पांनी मान खाली घातली आणि प्लॅस्टरच्या कडेचा कापूस डाव्या हातानं सारखा करत बसले.

डॉक्टरनं मग ती नेहमीची टेस्ट घेतली. आजची तारीख, तीन शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढा. तारीख बरोबर सांगितली. तीन शब्दांतला एक सांगितला आणि थांबले. घड्याळासाठी डाव्या हातात पेन धरलं, एक वेडावाकडा गोल काढला, बारा लिहिले, तीन लिहिले. मग पेन खाली ठेवलं. "नको. चुकेल," म्हणाले. हा माणूस गुण्या न लावता काटकोन मारायचा! डॉक्टर म्हणाल्या, हात दुखतोय, धक्का बसलाय, यावरून काही ठरवू नका, भारतात गेल्यावर पुन्हा करून घ्या. त्यांचं काही चुकलं नाही.

त्या रात्री मी पप्पांच्या खोलीत जाऊन बसले. सगळं सांगितलं. शर्टाचा पट्टा, चुण्या, मागून घातलेला हात. "पप्पा, मी बघितलं. तुम्ही टेकला होतात. तिथं काहीतरी होतं. मी खोटं बोलले डॉक्टरला." मी रडत होते, नाक वाहत होतं, काय बोलत होते देव जाणे. म्हणजे, आमच्याकडे देवही नाही जाणायला.

पप्पांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. "असू दे गं बाळा."

"असू दे नाही पप्पा, खरंच!"

"तुझ्या आईला मीपण शेवटी सांगायचो, तू बरी होणार म्हणून. रोज सांगायचो. माणूस सांगतो गं. तुझी चूक नाही."

त्यांना पटलं होतं की मी त्यांची समजूत घालतेय. मी जितकी शपथेवर सांगत गेले, तितके ते मऊ होत गेले. दुसऱ्या दिवशी चिडून सांगितलं, निखिलला समोर बसवून सांगितलं. निखिल खरं बोलला, की मामा, मी तिथं नव्हतो, पण सुजाता खोटं बोलणार नाही. पप्पा हसले आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही माणूस चांगले आहात."

मग ते विचारायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं सहजच विचारतायत. पायरीपाशी थांबायचे, "पायरी आहे ना?" खुर्ची ओढायच्या आधी, "ही आहे ना गं?" ट्राममधला दांडा धरायच्या आधी माझ्याकडे बघायचे. ज्या हातांनी आयुष्यभर लाकूड चाचपून ते आतून पोकळ आहे की भरीव ते सांगितलं, ते हात टेबलाच्या वर इंचभर थांबायचे आणि मी हो म्हणेपर्यंत खाली यायचे नाहीत. मी हो म्हणायचे. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा हो म्हणायचे, आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

जूनच्या शेवटी हानेकेची मेल आली. पाण्याची पाइप टाकायला त्यांनी दालनातल्या विटा काढल्या, तर डावीकडे, तिसऱ्या खांबाच्या पुढे, खाली एक दगड मिळाला. वरून सपाट, खांब बसवायला ठेवतात तसा. तुमच्या वडिलांना आवडेल म्हणून फोटो पाठवतेय, हाताला आता कसं आहे? मी धावत पप्पांकडे गेले. "बघा! चौथ्याचा दगड! बघा, तुम्ही म्हणालात तिथंच!"

पप्पांनी चष्मा लावून फोन बराच वेळ जवळ धरला. मग तो निखिलच्या पुढे केला. "दगड दिसतोय ना तुम्हाला?"

आता तुमच्यातले हुशार म्हणतील, खुणांमध्ये चार नव्हता, म्हणजे खांब कधीतरी होता हे उघड आहे, दगड मिळणारच. बरोबर. मीही तेच म्हणते. मधलं अंतर मोठं होतं, अनुभवी सुताराच्या डोळ्यानं रिकामी जागा भरून काढली असेल. तेही मान्य. पण मग त्यांचं वजन कशावर होतं? चुण्या कशानं पडल्या? आणि माझ्या हाताला काहीच कसं लागलं नाही? नोव्हेंबरात मी एकटी विंटर्सवाइकला गेले. हानेकेला काय वाटलं असेल ते असो, त्यांनी किल्ली दिली आणि त्या निघून गेल्या. मी त्या दगडावर नव्यानं बसवलेल्या विटांकडे पाठ करून उभी राहिले आणि मागे कलले. पडले. परत कलले, परत पडले. सकाळी अकराला करून बघितलं, संध्याकाळी करून बघितलं, डोळे मिटून करून बघितलं. कंबर सुजली, बाकी काही झालं नाही. तेव्हा नाही, आत्ताही नाही, माझ्याकडे याचं काही उत्तर नाही.

आणि खरं सांगू का, उत्तर मला नकोच आहे आता. मला फक्त एवढं हवंय की पप्पांनी माझ्यावर विश्वास ठेवावा. ते कसं करायचं हे कुणाला माहीत असेल तर लिहा.

जुलैमध्ये ते परत गेले. बदलापूरचा विषय मी काढलाच नाही, शप्पथ. कल्याणच्या घरीच राहा म्हणून विनवण्या केल्या, तुम्ही पास आहात, पहिल्या महिन्यातच पास होतात, असं सांगितलं. ते म्हणाले, "ठरलं होतं ना आपलं? मग." स्वतःच बदलापूरचा फॉर्म भरायला लावला. टेबल आणि हत्यारं खालच्या मजल्यावरच्या कारपेंटरला देऊन टाकली.

काल रविवार होता, व्हिडिओ कॉल केला. त्यांची खोली छान आहे, उजेड येतो. पलंगावर मांडी घालून बसले होते, पाठ ताठ, दमल्यासारखे. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, सगळं झालं. त्यांच्या मागे दोन इंचांवर भिंत मला दिसत होती, पिवळा ऑइलपेंट, कॅलेंडर लटकलेलं.

"पप्पा, टेका ना जरा मागे. किती वेळ असे बसणार?"

"भिंत आहे ना गं मागे?"

"आहे पप्पा. मला दिसतेय. टेका."

"बरं," म्हणाले. आणि तसेच बसून राहिले.